यीस्टच्या रसाचे कोडे सोडवणारे एडुआर्ट बुखनर

वाचकहो, आपल्या बेटावरील माणसाला ऊस म्हणजे काय हे सांगायला नको. आपले पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून जहाजात बसून इथे आले ते उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीच. उसाचा रस थोडा वेळ उघडा राहिला की त्याला फेस येतो आणि आंबूस वास सुटतो, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. साखर काढून उरलेली मळी आंबवून तिच्यापासून रम करतात, हेही आपण जाणतो. सकाळी दुकानातून आणलेला पाव फुगतो तो यीस्टमुळे. घरी आंबोळीचे पीठ रात्री भिजवून ठेवले की सकाळी ते टोपात वर येते, तेही अशाच डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांमुळे.

शाळेत आम्ही मुलांना एक सोपा प्रयोग करून दाखवतो. बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि चिमूटभर यीस्ट घालायचे आणि बाटलीच्या तोंडाला फुगा बांधायचा. तास संपेपर्यंत फुगा हळूहळू उभा राहतो. मुले टाळ्या वाजवतात. मग एखादा चौकस मुलगा विचारतो की, हे यीस्ट जिवंत आहे म्हणून असे होते, की यीस्टच्या पोटात काही पदार्थ आहे म्हणून होते? प्रश्न लहान वाटतो. पण याच प्रश्नावर युरोपातले मोठमोठे पंडित साठ वर्षे भांडत होते. त्याचे उत्तर ज्यांनी दिले त्या एडुआर्ट बुखनर यांची जीवनकथा आज आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत.

वडिलांविना वाढलेला मुलगा

एडुआर्टचा जन्म 20 मे 1860 रोजी जर्मनीतील म्युनिक शहरात झाला. घर सुशिक्षित होते. वडील डॉक्टर होते, वैद्यकाचे अध्यापन करीत आणि एका वैद्यकीय नियतकालिकाचे संपादनही पाहत. पण 1872 मध्ये वडील वारले, तेव्हा एडुआर्ट अवघा बारा वर्षांचा होता. त्याला व्यापारात घालावे असे घरात ठरले होते. ते टळले ते त्याचा थोरला भाऊ हान्स याच्यामुळे. हान्स दहा वर्षांनी मोठा. धाकट्याच्या डोक्यात शिकण्याची हौस आहे हे त्याने ओळखले आणि बापाच्या जागी उभे राहून त्याच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. आपल्याकडेही किती घरांत थोरल्या भावाने असे धाकट्याचे शिक्षण केलेले आहे! त्या घरांतल्या वाचकांना हान्सची योग्यता वेगळी सांगायला नको.

शाळा संपवून एडुआर्ट रसायनशास्त्र शिकू लागला, पण पैशाची अडचण आली आणि शिक्षण सोडावे लागले. पुढची चार वर्षे त्याने डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत काढली, आधी म्युनिकमध्ये आणि मग मोम्बाख येथे. फळे आणि भाज्या टिकवायच्या कशा, नासू द्यायच्या नाहीत कशा, हेच तिथले काम. विद्येच्या दृष्टीने ही वर्षे वाया गेली असे कोणालाही वाटले असते. पण पुढची गोष्ट वाचली म्हणजे आपल्या लक्षात येईल की आयुष्यात शिकलेले काहीच वाया जात नाही.

1884 मध्ये तो पुन्हा विद्यार्थी झाला. रसायनशास्त्रात आडोल्फ फॉन बायर आणि वनस्पतिशास्त्रात कार्ल फॉन नेगेली असे दोन नामवंत गुरू त्याला मिळाले. हान्स तोवर जंतुशास्त्रात काम करू लागला होता. त्याच्याच देखरेखीखाली एडुआर्टने आंबवणीवर प्राणवायूचा काय परिणाम होतो याचा अभ्यास केला. त्यावरचा त्याचा पहिला लेख 1885 मध्ये छापून आला. 1888 मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली आणि तो बायर यांचा साहाय्यक झाला.

साठ वर्षांचे भांडण

आता ते जुने भांडण काय होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड होतो हे फार पूर्वीपासून माहीत होते. 1837 च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान व क्युट्झिंग या तिघांनी वेगवेगळे काम करून सांगितले की यीस्ट हा निर्जीव साका नसून वाढणारा जीव आहे. त्या काळचे रसायनशास्त्राचे महर्षी लिबिख यांना हे मुळीच पटले नाही. त्यांनी आणि त्यांचे मित्र व्योलर यांनी 1839 मध्ये नाव न घालता एक थट्टेचा लेख छापला. त्यात ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचे चिमुकले प्राणी साखर खातात आणि मद्यार्क बाहेर टाकतात असे वर्णन करून या नव्या मताची खिल्ली उडवली. लिबिख यांचे म्हणणे असे की आंबणे ही निव्वळ रासायनिक घडामोड आहे. कुजणाऱ्या पदार्थाचा धक्का साखरेला बसतो आणि साखर फुटते, जिवाचा तिथे काही संबंध नाही.

पुढे लुई पाश्चर आले. 1857 पासून त्यांनी एकामागून एक प्रयोग करून दाखवले की जिथे खरे आंबणे आहे तिथे जिवंत सूक्ष्म जीव आहेत, आणि जीव नाही तर आंबणेही नाही. पाश्चर यांच्या प्रयोगांपुढे लिबिख यांचा पक्ष दुबळा पडला. मात्र पाश्चर यांच्या विजयातून आणखी एक समजूत घट्ट झाली. आंबवणे हे जिवंतपणाचेच कार्य आहे, पेशी अखंड आणि जिवंत असेल तरच ते होणार, तिच्यापासून ते वेगळे काढता येणार नाही असे लोक मानू लागले. म्हणजे पेशीच्या आत रसायनशास्त्राला जागा नाही, तिथे निराळीच प्राणशक्ती काम करते, असे पुष्कळांना वाटू लागले.

सगळ्यांनीच हे मानले नव्हते. मोरिट्झ ट्राउबे यांनी 1858 मध्येच म्हटले होते की आंबवण घडवणारा पदार्थ यीस्टच्या आत असला पाहिजे. रशियाच्या मारिया मानासेइना या विदुषीने तर 1871 च्या सुमारास, जिवंत पेशीवाचून आंबवण घडवल्याचा दावाही केला होता, पण तिचे प्रयोग निर्विवाद ठरले नाहीत. इतरांनीही यीस्ट फोडून त्यातला तो पदार्थ काढण्याचा प्रयत्न केला आणि हात टेकले. यीस्टची पेशी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान आणि तिची भिंत चिवट. उकळावी तर आतला माल जळतो, तीव्र रसायने वापरावी तर तो नासतो.

नकार

1893 मध्ये बुखनर यांनी म्युनिकमध्ये यीस्ट फोडण्याचे काम हाती घेतले. बायर यांनी आंबवणीच्या अभ्यासासाठी त्यांना छोटी प्रयोगशाळा उभी करायला पैसे मिळवून दिले होते. पण प्रयोगशाळेच्या मंडळाने सांगितले की यातून काही निष्पन्न होणार नाही. यीस्ट कुटण्याचे प्रयोग गेली चाळीस वर्षे चाललेच आहेत, त्यात नवे ते काय? बुखनर यांनी जुने लेख चाळून पाहिले तर मंडळाचे म्हणणे खरेच होते. काम बाजूला ठेवावे लागले. ते आधी कील येथे आणि मग 1896 मध्ये ट्युबिंगेन येथे अध्यापक म्हणून गेले. तीन वर्षे यीस्टला हात लागला नाही.

इथे पुन्हा थोरला भाऊ आला. हान्स बुखनर हे एव्हाना म्युनिकमध्ये आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. शरीर रोगजंतूंशी कसे लढते हा त्यांचा विषय. जंतूंच्या पोटातला रस जसाच्या तसा काढता आला तर त्यातून औषधी द्रव्ये मिळतील अशी त्यांना आशा होती. जंतू फोडण्याची रीत आधी यीस्टवर बसवावी असे ठरले. आंबवणीचा प्रश्न त्यात मुळीच नव्हता.

1896 ची सुटी

1896 च्या शरद ऋतूत एडुआर्ट सुटी घेऊन म्युनिकला भावाच्या संस्थेत आले. तिथले साहाय्यक मार्टिन हान यांनी एक साधी पण नामी युक्ती सुचवली होती. यीस्ट नुसते खलात घोटले तर पेशी निसटतात, फुटत नाहीत. म्हणून एक किलो यीस्टमध्ये तितकीच गारगोटीची बारीक वाळू आणि पाव किलो किसलगुर मिसळायचे. किसलगुर ही सूक्ष्म शैवालांच्या जुन्या कवचांची हलकी माती असते. मग मोठ्या खलात हे कोरडे पीठ घोटत राहायचे. घोटता घोटता ते आपोआप ओले होऊ लागते आणि कणकेसारखा गोळा होतो. हे ओलेपण म्हणजेच फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेला रस. तो गोळा जाड कापडात गुंडाळून जोरदार दाबाच्या यंत्राखाली पिळला की किंचित पिवळसर रस खाली पडतो. चोथ्यात थोडे पाणी घालून तो पुन्हा घोटून पिळला म्हणजे एक किलो यीस्टपासून सुमारे अर्धा लिटर रस हाती येई. उसाची मोळी चरकातून दुसऱ्यांदा काढावी तसाच हा प्रकार.

रस तर मिळाला, पण तो टिकेना. हा रस जनावरांवर प्रयोगासाठी हवा होता, म्हणून त्यात विषारी जंतुनाशके घालून चालणार नव्हते. मग काय घालावे? आपली आजी आंब्याचा मुरांबा टिकवायला जे घालते तेच, साखर! भरपूर साखरेच्या पाकात पदार्थ नासत नाही, ही गोष्ट डबाबंद खाद्यांच्या कारखान्यात चार वर्षे काढलेल्या माणसाला निराळी शिकवावी लागत नाही. रसात साखरेचा दाट पाक मिसळून ठेवला गेला.

आणि तासाभराच्या आतच त्या भांड्यातून बुडबुडे वर येऊ लागले.

दुसरा कोणी असता तर रस बिघडला, जंतू शिरले, असे म्हणून त्याने तो मोरीत ओतून दिला असता. कारण भावांचा हेतू रस टिकवण्याचा होता आणि तो फसला होता. पण बुखनर यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी आंबवणीचाच अभ्यास केला होता. हे बुडबुडे कशाचे असू शकतात हे त्यांना उमगले. भांड्यात एकही जिवंत यीस्टपेशी उरली नसताना जर साखरेपासून मद्यार्क होत असेल, तर साठ वर्षांच्या भांडणाचे उत्तर त्यांच्या समोरच बसले होते.

शंकांची परीक्षा

उत्तर दिसले तरी ते सिद्ध करणे बाकी होते. एखादी जिवंत पेशी चुकून राहिली असेल, अशी शंका कोणीही घेणार. म्हणून बुखनर यांनी रस अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला, तरी तो आंबवीतच राहिला. त्यात क्लोरोफॉर्म घातला. क्लोरोफॉर्मने जिवंत यीस्टचे काम बंद पडते, पण रसाचे काम चालूच राहिले. उसाची साखर, द्राक्षांतली साखर, फळांतली साखर आणि माल्टमधली साखर त्या रसाने आंबवली, पण दुधातली साखर आंबवली नाही. बिअरचे जिवंत यीस्टही तसेच वागते. मग रस गरम करून पाहिला. अंड्याचा पांढरा बलक आचेवर थिजतो तसा तो चाळीस-पन्नास अंशांवर थिजला आणि त्याचा गुण गेला. यावरून तो पदार्थ प्रथिनांच्या जातीचा असावा असे दिसले. बुखनर यांनी त्याचे नाव झायमेज ठेवले.

जानेवारी 1897 मध्ये त्यांनी आपला पहिला लेख जर्मन रसायन परिषदेच्या नियतकालिकाकडे पाठवला. यीस्टपेशींविना मद्यार्काची आंबवण हाच त्याचा विषय आणि हेच त्याचे नाव. लेख जेमतेम काही पानांचा होता, पण खळबळ फार मोठी झाली. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. काही जणांनी आपल्या प्रयोगशाळेत करून पाहिले आणि त्यांना बुडबुडे दिसलेच नाहीत. याचे कारण पुढे कळले. सगळ्या यीस्टचा रस सारखा नसतो. म्युनिकच्या बिअरभट्टीतले यीस्ट या कामाला विशेष चांगले निघाले. काहींनी म्हटले की रसात पेशींच्या सजीव द्रव्याचे जिवंत तुकडे तरंगत असतील. तेव्हा बुखनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्ट एसिटोनमध्ये बुडवून पुरते मारले आणि वाळवून त्याची भुकटी केली. ती भुकटी वाढू शकत नव्हती, तिला अंकुर फुटत नव्हता, तरी साखर ती आंबवत होती. यानंतर शंकेला जागा राहिली नाही.

पाश्चर 1895 मध्ये आणि लिबिख त्याच्याही आधी, 1873 मध्ये, निवर्तले होते. दोघांपैकी कोणालाही हा निकाल ऐकायला मिळाला नाही. गंमत अशी की निकालात दोघांचाही थोडा विजय होता. आंबवणीचा पदार्थ जिवंत पेशीच तयार करते, हे पाश्चर यांचे खरे ठरले. पण एकदा तयार झालेला पदार्थ रसायनासारखाच काम करतो, त्याला प्राणाची गरज नाही, हे लिबिख यांच्या बाजूचे ठरले. अशा पदार्थांना आपण आज विकर किंवा एन्झाइम म्हणतो. आपले अन्न पचवणे, श्वासाने आलेला प्राणवायू वापरणे, स्नायू हलवणे, ही सारी कामे विकरांची आहेत. जीवरसायनशास्त्र या विषयाचा पाया त्या भांड्यातल्या बुडबुड्यांवर उभा आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

मान आणि मरण

1898 मध्ये बुखनर बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. 1900 मध्ये ट्युबिंगेनच्या एका गणित प्राध्यापकाच्या मुलीशी, लोटे श्टाल हिच्याशी, त्यांचा विवाह झाला. 1902 मध्ये हान्स वारले. पुढच्याच वर्षी झायमेजवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यावर दोघा भावांची आणि मार्टिन हान यांची अशी तिघांची नावे आहेत. ज्याने शिकवले त्याचे नाव धाकट्याने आपल्या कीर्तीतून वगळले नाही, ही गोष्ट आम्हांला त्या ग्रंथातल्या शास्त्राइतकीच मोलाची वाटते. 1907 मध्ये पेशीविरहित आंबवणीच्या शोधाबद्दल बुखनर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर 1909 मध्ये ते ब्रेस्लाऊ येथे आणि 1911 मध्ये व्युर्ट्सबुर्ग येथे गेले.

पुढे इंग्लंडमध्ये आर्थर हार्डन यांनी दाखवले की झायमेज हा एकच पदार्थ नाही. त्यात अनेक विकर आहेत आणि ते एकामागून एक असे आपापले छोटे काम करतात, तेव्हा कुठे साखरेचा मद्यार्क होतो. एका हाताने दुसऱ्या हाती माल द्यावा, तशी ही रांग आहे. बुखनर यांच्या शोधाला यामुळे कमीपणा आला नाही. उलट त्यांनी दार उघडले म्हणूनच आतली ही रांग दिसली.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. बुखनर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते, तरी ते आपखुशीने सैन्यात गेले. 1916 मध्ये विद्यापीठात शिकवायला परतले, पण 1917 मध्ये पुन्हा रणांगणावर गेले. ऑगस्ट 1917 मध्ये रुमानियातील फोकशानी येथे ते जखमी झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना मरण आले. वय सत्तावन्न. नोबेल मिळवलेला माणूस खंदकांच्या मुलखात असा संपावा, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. त्या युद्धाने किती घरांतले किती बुखनर नेले असतील, त्यांची तर नावेही कोणाला माहीत नाहीत.

रस का मरत होता?

जीवनकथा इथे संपते, पण त्यांचे कोडे संपत नाही. बुखनर यांना एक गोष्ट सतावत असे. त्यांचा रस काही दिवसांतच निकामी होई. त्याचे कारण त्यांनी आणि हान यांनी शोधून काढले होते. रसात प्रथिने तोडणारे एक विकरही होते आणि तेच झायमेजला खाऊन टाकत होते. आता विचार करा, हेच दोघे जिवंत यीस्टमध्येही एकाच पेशीत राहतात. तिथे एक दुसऱ्याला का खात नाही?

कारण पेशी म्हणजे रसाची पिशवी नव्हे, ते खोल्यांचे घर आहे. प्रथिने तोडणारी विकरे यीस्टमध्ये एका वेगळ्या कप्प्यात, रिक्तिकेत, कोंडलेली असतात. बुखनर यांच्या खलाने सगळ्या भिंती पाडल्या आणि साप-मुंगूस एका टोपलीत आले. काम करतो तो पदार्थ, हे बुखनर यांनी दाखवले. आपापल्या जागी राहिला तरच तो पदार्थ घराचे भले करतो, हे पुढच्या पिढ्यांना शिकायचे होते. आणि तेही पुष्कळसे यीस्टनेच शिकवले.

यातली एक खोली आम्ही उदाहरणादाखल दाखवतो. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्युव्ह यांनी 1960 च्या दशकात पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्याची ओळख करून दिली. पुढे 1974 मध्ये, पेशीच्या अंतर्भागाच्या अभ्यासासाठी, त्यांना आणखी दोघांसह नोबेल मिळाले. या कप्प्यात तेलातुपातली मेदाम्ले तोडली जातात. त्या कामात हायड्रोजन पेरॉक्साइड हे दाहक द्रव्य निर्माण होते. जखम धुताना फसफसते तेच हे. म्हणून ते नष्ट करणारे कॅटलेज नावाचे विकरही त्याच खोलीत ठेवलेले असते. यीस्टला साखरेऐवजी तेलातले ओलेइक आम्ल खायला दिले की त्याच्या पेशीत हे पेरॉक्सिझोम वाढतात आणि मोठे होतात.

पण या खोलीत स्वतःचे काही तयार होत नाही. तिला लागणारी सारी विकरे बाहेर, पेशीच्या मोकळ्या जागेत, तयार होतात आणि मग आत आणावी लागतात. कोणाला कुठे जायचे हे कसे कळते? 1980 च्या दशकात अमेरिकेत सुरेश सुब्रमणि या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधले, आणि तेही काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या विकराच्या मदतीने. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्या माळेच्या अगदी शेवटी सेरीन, लायसीन आणि ल्युसीन असे तीन मणी या क्रमाने असले की ते प्रथिन पेरॉक्सिझोममध्ये जाते. तीन मण्यांची ही चिठ्ठी म्हणजेच त्याचा पत्ता.

चिठ्ठी वाचणारा कोण? त्याचा शोध यीस्टमधून लागला. 1989 मध्ये जर्मनीतील बोखुम येथे एर्डमान आणि कुनाऊ यांनी ओलेइक आम्लावर वाढू न शकणारी यीस्टची वाणे निवडून काढली. त्यांच्यात हा कप्पा नीट बनत नव्हता. कोणते जनुक बिघडले ते पाहत पाहत सगळी यंत्रणा उघडकीला आली. अशी तिसाहून जास्त जनुके आज माहीत आहेत. त्यांपैकी पेक्स-5 नावाचे प्रथिन वाटाड्यासारखे काम करते. ते चिठ्ठी ओळखते, नव्या विकराचा हात धरते आणि त्याला पेरॉक्सिझोमच्या भिंतीपाशी नेते. भिंतीत पेक्स-13 आणि पेक्स-14 हे द्वारपाल असतात. काही थोड्या प्रथिनांची चिठ्ठी शेपटाकडे नसून डोक्याकडे असते. त्यांच्यासाठी पेक्स-7 हा वेगळा वाटाड्या आहे.

यातली नवलाची गोष्ट अशी. पेशीतल्या इतर कित्येक दारांतून प्रथिन आत न्यायचे तर आधी त्याची घडी उलगडून सुईत दोरा ओवावा तसे ओवावे लागते. पेरॉक्सिझोममध्ये मात्र ते घडी घातलेले, कामाला तयार असे, कधी चार-चार जोडलेले अखंड आत जाते. एवढी मोठी वस्तू जाते आणि तरी भिंत गळत नाही, हे कसे, याचा पुष्कळ वर्षे उलगडा होत नव्हता. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की पेक्स-13 भिंतीत एक मऊ, दाट जाळी विणते. परकी प्रथिने तिच्यात अडकून बाहेर राहतात, पण पेक्स-5 तिच्यातून वाट काढू शकते आणि आपल्या पाहुण्याला बरोबर घेऊन जाते. आत पाहुण्याला सोडले की वाटाड्याला परत यायचे असते. त्याला युबिक्विटिन नावाची खूण लावली जाते आणि पेक्स-1 व पेक्स-6 यांची जोडी पेशीची शक्ती खर्चून त्याला बाहेर ओढते. मग तो पुढच्या खेपेला मोकळा.

वाचकांना वाटेल की यीस्टच्या घरातल्या या खेपा आपल्या काय कामाच्या? पण हीच यंत्रणा माणसाच्या पेशीतही आहे, जवळजवळ त्याच प्रथिनांची. यातले एखादे जनुक बिघडलेले बाळ जन्माला आले तर त्याला झेलवेगर नावाचा दुर्धर आजार होतो. विकरे तयार होतात, पण खोलीत पोचत नाहीत. त्याचा मेंदू आणि यकृत नीट वाढत नाही आणि आजार तीव्र असेल तर बाळ बहुधा पहिला वाढदिवसही पाहत नाही. अशा बाळांत कोणते जनुक बिघडले असेल हे डॉक्टरांना कळू लागले ते पुष्कळसे यीस्टच्या अभ्यासामुळेच. आजाराला रामबाण उपाय नाही, पण कारण सापडल्यामुळे आई-वडिलांना नेमके निदान मिळते आणि पुढच्या बाळाच्या वेळी आधी तपासणी करता येते.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. मंडळाने नको म्हटलेले काम, कारखान्यात गेलेली चार वर्षे, थोरल्या भावाचा हात आणि फसलेला मुरांबा, यांतून एवढी मोठी विद्या उभी राहिली. आपल्या मुलाने घरी काही करून पाहिले आणि ते बिघडले, तर लगेच त्याला ओरडू नका. आधी विचारा, काय दिसले ते सांग बरे. रात्री आंबोळीचे पीठ फुगताना पाहाल तेव्हा मुलांना जवळ बोलवा आणि त्या बुडबुड्यांकडे बोट दाखवून म्युनिकच्या त्या दोघा भावांची गोष्ट जरूर सांगा.